मूठ उघडेपर्यंत

१७ डिसेंबर, मंगळवार

खरमास लागला. महिनाभर लगन नाही. आम्ही बौद्ध, मुहूर्त मानत नाही. पण पोट तीस वर्षं पंडितजींच्या पंचांगावरच चाललंय. बँडच्या दुकानात आठ माणसं बाजे पुसत बसलीत आणि मी डायरी काढली. ही मराठीत लिहितो ते बरं पडतं. बायकोला, द्रौपदीला, वाचता येतं, पण तिचा चष्मा कधी सापडत नाही. मुलीला, दीप्तीला, मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते आणि वाचायला बसली तर एका ओळीला चहा गार होतो.

आज ती दुकानात आली. दहा-बारा वर्षांनी आली असेल. लहान असताना वरातीत जनरेटरच्या गाडीवर बसून यायची, पाय हलवत. आठवीत गेली आणि बंद झालं. शाळेतल्या मैत्रिणींनी बघितलं असणार. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

आज उभी राहून म्हणाली, "बाबा, आपके लोग खाली हैं ना? मुझे आठों चाहिए. बारह जनवरी तक."

बारा जानेवारीला तिचा कार्यक्रम आहे. ऑर्केस्ट्रा, चोवीस वाजवणारे. सोळा व्हायोलिन वगैरे महानगर मोहल्ल्यात शिकवणाऱ्या विनया मॅडमकडून मिळाले. फुंकायचे बाजे लखनौमध्ये वाजवणारे कोण? पलटणीचे किंवा आमचे. पलटणवाले परवानगीशिवाय शिंकत नाहीत.

म्हणजे आम्ही. नाइलाजाने का होईना.

१९ डिसेंबर, गुरुवार

तिने कागद वाटले. मोठा चौकोनी कागद, त्यावर नऊ घरं. घरात सूर नाहीत, रेघा आहेत. कुठे जाड, कुठे ठिपके, कुठे नुसती वर जाणारी वळवळ. नववं घर कोरं.

मुन्ने मियाँनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. चाळीस वर्षं कॉर्नेट वाजवतात, माझ्या आधीपासून या धंद्यात. म्हणाले, "बिटिया, यह तो हमारे दिल की जाँच है. डॉक्टर ने भी यही दिखाया था."

दीप्ती हसली. मग समजावलं. कोणी कोणतं घर आधी वाजवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. केव्हा शिरायचं, किती वेळ गप्प बसायचं, तेही. सुरुवात कोणाची ते चिठ्ठीवर: चोवीस नावं टोपीत, एक काढायची. तुकडा किती मिनिटं चालणार ते कोणालाच माहीत नाही. तिलासुद्धा.

"और बस एक क़ायदा," म्हणाली. "किसी के पीछे मत चलिए."

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते याच्या नेमकं उलट. मास्तरच्या पाठीमागे चला, मास्तर खड्ड्यात गेला तर खड्ड्यात. ढोलवाल्या बंटीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

आणखी एक होतं. तिने मूठ वर केली की जो सूर चालू असेल तोच धरून ठेवायचा, मूठ उघडेपर्यंत. हे आमच्या माणसांना लगेच कळलं. वरातीत घोडी अडली की मीही मूठच दाखवतो. योगायोग.

२२ डिसेंबर, रविवार

पहिली तालीम. इथल्या कपूरथला चौकाजवळच्या एका शाळेचा हॉल. पंखे बंद होते तरी ट्यूबलाइट गुणगुणत होती, 'सा'पासून केसभर खाली. माझे बाबा रेल्वेच्या यार्डात हातोडीने चाकं ठोकायचे आणि नुसत्या आवाजावरून कुठे तडा आहे ते सांगायचे. नोकरी त्यांची गेली, कान माझ्याकडे आले.

विनया मॅडम भेटल्या. यजमान शास्त्रज्ञ होते, आता निवृत्त. पुण्याचं स्वच्छ मराठी. "अहो बाबूराव, तुमच्या मंडळींना स्वरलिपी वाचता येते का हो?"

म्हटलं, "नाही बाई. पण या कागदावर ती आहेच कुठे?"

"तेच म्हणते मी," म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

चिठ्ठी निघाली एका व्हायोलिनवाल्या मुलीची. तिने दोन सूर काढले आणि थांबली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणी शिरेना. मग चार जण एकदम शिरले, एकदम दचकून थांबले. बंटी हसला. चार मिनिटांत कारभार आटोपला.

दीप्ती म्हणाली, "अच्छा है. फिर से." आवाज शांत होता. मी तिचा आवाज पाळण्यापासून ऐकतोय. त्यात तडा होता.

मूठ मात्र आमच्या आठांनी बरोबर धरली. व्हायोलिनवाल्यांना तीनदा सांगावं लागलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

द्रौपदीने आज सांगितलं. दीप्तीच्या जुन्या कंपनीने तिला परत बोलावलंय, गुरुग्रामला. वीस जानेवारीला हजर व्हायचं. पोरीने हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. आईला म्हणाली, "बारह को खड़ा हो गया तो रहूँगी. नहीं हुआ तो समझ लूँगी कि शौक़ था."

तीन वर्षं नोकरी करून साठवलेलं तिने जर्मनीत दोन वर्षं संगीत शिकण्यात घातलं. शौक म्हणतात याला?

द्रौपदी म्हणाली, "तुम्ही काही करू नका हं."

"मी काय करणार?"

"तेच सांगतेय."

२९ डिसेंबर, रविवार

दुसरी तालीम. एकतीस मिनिटं. कोणी थांबेचना. बंटीला वाटलं गप्प बसलो तर मेहनत दिसणार नाही. तो सगळा वेळ ठोकत राहिला. मॅडमच्या दोन शिष्यांनी व्हायोलिनं पेटीत ठेवली. एक जण दाराशी दुसऱ्याला म्हणाला, "बारात वालों के साथ और क्या होगा." हळूच बोलला. माझ्या कानांना हळू वगैरे काही नसतं.

कार्यक्रम होणार त्या हॉलच्या कमिटीचे सेक्रेटरी येऊन बसले होते. उठताना म्हणाले, "बेटा, प्रोग्राम में मिनट लिखने पड़ते हैं. कितना लिखूँ?"

दीप्ती म्हणाली, "जितना हो जाए."

ते म्हणाले, "जितना हो जाए तो छपता नहीं."

घरी येताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. धुकं एवढं की पुढचा टेम्पो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

३० डिसेंबर, सोमवार

काही करणार नव्हतो. केलं.

दुकानाचं शटर अर्धं ओढून आठही जणांना बसवलं. म्हटलं, बघा, ही पोर शिकलेली आहे, तिचं बरोबरच असेल. पण मोकळं सोडलेलं माणूस घाबरतं. घोडीसुद्धा घाबरते. म्हणून आपण आपलं ठरवून घेऊ. सुरुवात कोणाचीही निघो, व्हायोलिनवाल्यांना करू द्या. मियाँ मनात दोनशे मोजतील. मग त्यांनी तिसरं घर उचलायचं. मियाँचा कॉर्नेट वाजला की बाकी सात जण शिरा. कोणी कोणतं घर, कोणत्या क्रमाने, ते मी प्रत्येकाच्या कागदामागे पेन्सिलीने लिहून दिलं. बंटीला म्हटलं, तू चार मात्रा धर, जास्त नको.

मुन्ने मियाँनी कागद सुलटा केला. "बाबू भाई, बिटिया ने तो कहा था किसी के पीछे मत चलो."

"बिटियाला वीस तारखेला गुरुग्रामला पाठवायचंय का?"

"या अल्लाह, नहीं."

"मग मोजा."

१ जानेवारी, बुधवार

सकाळी विहारात गेलो. शौर्यदिन. बारा-पंधरा घरं आली होती, सगळी सरकारी नोकरीतली. एकाने विचारलं, "दीप्तीचं कळलं, पेपरात आलंय." कात्रण दाखवलं. हिंदी पेपर, आतलं पान, फोटो बारीक. वार्ताहराने विचारलंय, हे तुम्ही कुठे शिकलात? तिने सांगितलंय, "सड़क पर."

कोणत्या सडकेवर कोण जाणे. जर्मनीत रस्त्यावर वाजवतात म्हणे. कात्रण कापून या डायरीत ठेवलं.

५ जानेवारी, रविवार

तिसरी तालीम. काय सांगू! व्हायोलिनवाला एक पोरगा सुरू झाला, हळूहळू सोळा जण जमले, आवाज चांगला दाट झाला, आणि तेवढ्यात मियाँचा कॉर्नेट आला आणि मागून आमचे सात. एकोणीस मिनिटं. मॅडमसुद्धा म्हणाल्या, "आज काहीतरी आकार आला बरं का." सेक्रेटरींनी एकोणीस आकडा लिहून घेतला.

दीप्तीचा चेहरा उतरलेला. मला वाटलं थकली असेल.

बाजे भरताना ती मियाँजवळ गेली. मी दाराशी होतो. "चचा, आपके होंठ हिल रहे थे. गिन रहे थे क्या?"

"नहीं बिटिया, तस्बीह पढ़ रहे थे."

माणूस पाच वक्त नमाजी आहे, आणि माझ्यासाठी खोटं बोलला. बरं नाही वाटलं. पण काम तर झालं ना?

८ जानेवारी, बुधवार

चौथी तालीम. पुन्हा तसंच, वीस मिनिटं. सगळे खूश. दीप्ती म्हणाली, "बहुत साफ़ था." माझ्या कानाला ते कौतुक लागलं नाही. आमच्या घरी 'साफ' भांड्यांना म्हणतात.

जेवताना तिने पोळीचा एकच तुकडा चार वेळा भाजीत बुडवला.

"बाबा, डर किसको लग रहा है? उनको या आपको?"

"कसली भीती?"

"कुछ नहीं."

द्रौपदीने माझ्याकडे बघितलं. मी मीठ मागितलं. मीठ समोरच होतं.

११ जानेवारी, शनिवार

उद्या.

आज दुकानात बसून उगाच हिशेब केला. टोपीत चोवीस चिठ्ठ्या. त्यात मियाँची एक. चार तालमींत चार वेगळी नावं निघाली, चारही व्हायोलिनवाल्यांची. बाकी सातांपैकी कोणाची निघाली तर तो एकटाच सुरू करेल, निभेल. पण मियाँची निघाली तर? मग त्यांनी दोनशे कोणासाठी मोजायचे? आधी कोणी वाजवणारच नाही.

हे मी त्यांना सांगितलेलंच नाही.

सकाळपासून तीनदा फोन उचलला. मियाँना फोन करून सांगावं, की असं झालं तर असं करा. पण मग बंटीलाही सांगावं लागेल, आणि क्लॅरिनेटला, आणि सगळं पुन्हा. आदल्या दिवशी नवं सांगितलं की माणूस जुनंही विसरतं. चोवीसात एक. सोडून दिलं.

१३ जानेवारी, सोमवार

काल लिहायला हात उचलला नाही. आज क्रमाने लिहितो.

हॉल पाऊण भरलेला. पुढे कमिटी, मागे कॉलेजची पोरं, मध्ये विहारातली आपली मंडळी इस्त्री करून आलेली. मी बाजूच्या पडद्यामागे, डाव्या हाताला, जिथून आठही दिसतात. ते लाल कोट घालून आले होते, दीप्तीनेच घालायला सांगितले होते. टोपीही आमचीच, तुऱ्याची. ती तिने पहिल्या रांगेतल्या एका बाईंपुढे धरली. बाईंनी चिठ्ठी काढून वाचली, "मुन्ने मियाँ."

मियाँनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नाही. काय करणार होतो? त्यांनी कॉर्नेट ओठाला लावला आणि पाठ होतं ते उचललं, तिसरं घर. मियाँचा कॉर्नेट वाजला, आणि ठरल्याप्रमाणे सातही जण एकदम शिरले. बंटीने चार मात्रा धरल्या.

दहा सेकंदांत ती वरात झाली. खालून आधार द्यायला सोळा व्हायोलिनं नव्हती. नुसते आठ लाल कोट आणि ढोल. मागच्या बाकांवर कोणीतरी खिदळलं. मग टाळ्या सुरू झाल्या, ठेक्यात. एक पोरगा ओरडला, "दूल्हा कहाँ है?" अख्खा हॉल हसला. विनया मॅडमनी गज खाली घेतला. त्यांच्या मागे एकेक करून सगळ्यांनी घेतला. आमची माणसं थांबली नाहीत. मास्तरने लिहून दिलं होतं ना. मास्तर खड्ड्यात तर खड्ड्यात.

दीप्तीने मूठ वर केली.

आठही जणांनी आपापला सूर धरला. बंटीने काठ्यांची बारीक थरथर धरली. टाळ्या थांबल्या. मला वाटलं आता उघडेल. उघडली नाही. फुंकणाऱ्याचा दम किती असतो? पंधरा, वीस सेकंद. क्लॅरिनेट गळलं. मग मोठा भोंगा. एकेकाचा सूर थरथरून तुटत होता आणि ते मुठीकडे बघत होते. मूठ तशीच.

आणि मग मी बघितलं की ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. मान वळवून पडद्याकडे बघत होती. माझ्याकडे. रागाने नाही. वरातीत घोडीजवळचा माणूस बँडमास्तरकडे बघतो तसं. तुम्ही सांगा, आता काय?

शेवटी मियाँचा एकटा सूर उरला. अठ्ठावन्न वर्षांची छाती. गाल पांढरे पडत चालले होते.

मी पडद्यातून दोन पावलं पुढे आलो. स्टेजवर, उजेडात, स्वेटर घातलेला. हात वर केला, पंजा उघडला आणि बोटं बाहेर झटकली. आमच्यात याला 'खुला' म्हणतात. घोडी काही केल्या हलत नाही, पोरं नाचून थकलेली, तेव्हा मास्तर हा इशारा करतो: माझं सोडा, ज्याला जे येतं ते वाजवा, नाही तर पाणी प्या.

मियाँनी कॉर्नेट खाली घेतला. दीप्तीची मूठ उघडली.

मग काही नाही. नुसतं काही नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. मियाँनी कागद उलटला, माझी पेन्सिल बघितली आणि कागद जमिनीवर ठेवला. एवढी लांब शांतता मी फक्त मयताला ऐकलीय.

मॅडमनी एक सूर काढला, इतका बारीक की गजाच्या केसांचा आवाज जास्त. त्या सुराला कोणी हात लावला नाही. बऱ्याच वेळाने बंटी, ज्याला आयुष्यात कधी हळू वाजवता आलं नाही, त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि ढोलाच्या कातड्यावर तळहात फिरवला. नुसता फिरवला. आणि मियाँनी कॉर्नेटमधून सूर नाही काढला, श्वास सोडला. पितळेतून जाणारी हवा. एकदा, दोनदा. धुक्यात टेम्पो ऐकू येतो तसं.

पुढचं सांगता येत नाही. बावीस मिनिटं झाली म्हणे. मला एवढंच माहीत आहे, की त्या वेळात पुढे काय येणार हे मला एकदाही आधी कळलं नाही. तीस वर्षांत असं झालेलं नाही. मला तर वरातीतल्या भांडणाचा सूरही आधी ऐकू येतो.

संपलं तेव्हा पंधरा-वीस जण आधीच उठून गेले होते. उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. आधी चाचरत, मग खूप वेळ. ज्याने दूल्हा विचारला होता तो पोरगा उभा राहून वाजवत होता.

सेक्रेटरी आत आले. "बेटा, शुरू में कुछ गड़बड़ हो गई थी क्या?"

"जी नहीं," दीप्ती म्हणाली. "शुरू वहीं से होना था."

कोपऱ्यात विनया मॅडम मियाँना विचारत होत्या, "वो हवा वाला आपने कैसे किया?" मियाँ म्हणाले, "दम ही नहीं बचा था, मैडम. जो बचा था वही दे दिया."

स्कूटरवर दीप्ती मागे. चारबागचा पूल उतरल्यावर मी म्हटलं, "चूक माझी होती. मी त्यांना लिहून दिलं होतं."

"मालूम है. पाँच तारीख़ से."

"मग बोलली का नाहीस?"

"आप भी तो बारात में नहीं बोलते. इशारा करते हैं." मग म्हणाली, "बाबा, वो खुला वाला इशारा आपने किससे सीखा?"

"कोणाकडून नाही. लग्नांत उभं राहून राहून."

"मैंने भी," म्हणाली.

ती लग्नांत कधी उभी राहिली? मला कळलं नाही. पण तेवढ्यात सिग्नल सुटला.

१७ जानेवारी, शुक्रवार

खरमास संपला. काल पहिली वरात होती, आलमबागेतच. दीप्ती आली. कशाला येतेस म्हटलं, थंडी आहे. आली, आणि जनरेटरच्या गाडीवर चढून बसली, शाल गुंडाळून. सत्तावीस वर्षांची बाई, पाय हलवत.

गल्लीच्या तोंडाशी समोरून दुसरी वरात. दोन घोड्या, दोन बँड, दोन्हीकडचे मामा बाह्या वर करून. मी मूठ दाखवायला हात उचलला आणि सहज गाडीकडे नजर गेली. तिची मूठ आधीच वर होती. अर्धा सेकंद आधी. माझ्याकडे बघत नव्हती, घोडीच्या कानांकडे बघत होती. मीही तिथेच बघतो. हे मी कोणाला शिकवलेलं नाही.

सूर धरून आमचे लोक उभे. मला एकदम त्या कात्रणाची आठवण झाली. सडकेवर.

गल्ली मोकळी व्हायला दहा मिनिटं लागली, आमच्यांनी आळीपाळीने दम घेत सूर धरला. पंजा तिनेच उघडला. मी माझा हात खिशात घातला. मियाँनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि असं काही वाजवलं की दोन्ही वरातींतली पोरं नाचायची थांबून ऐकत राहिली. नवरदेवाचा मामा माझ्यापाशी आला, "मास्टर, ये कौन-सा गाना है?"

म्हटलं, "पता नहीं, साहब. अभी बन रहा है."

आज सकाळी ती चहा घेऊन दुकानात आली. सोमवारी वीस तारीख. मी तिच्या बॅगेबद्दल विचारायचं टाळत होतो. तिने पंचांगाचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि पानं उलटायला लागली.

"बाबा, अगला खरमास कब लगता है?"

"मार्चच्या मध्यात. महिनाभर. त्यात काही शुभ काम करत नाहीत, माहीत आहे ना?"

"हम तो मानते नहीं," म्हणाली, आणि माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेऊन मार्चच्या पानावर खुणा करायला लागली.